खोक्यातली केळी आणि पिशवीतले वेफर्स

आज मी पिशवीबद्दल बोलणार आहे. हसू नका, आमच्या गटाला एका पिशवीने चांगलंच रडवलंय.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आम्ही केळीचे वेफर्स केले. केळी आपल्याच भागातली, कच्ची, कडक. तेल नवं, मीठ बेताचं. नेहमीच्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले, मेणबत्तीवर तोंडं चिकटवली आणि शहरातल्या एका दुकानात साठ पाकिटं ठेवून आलो. वीस दिवसांनी दुकानदाराचा फोन, "ताई, तुमचा माल घेऊन जा." सदतीस पाकिटं परत आली. काही सादळलेली, काही खवट. केळी गेली, तेल गेलं, गॅस गेला आणि अकरा जणींची दोन दिवसांची मेहनत गेली. अन्न वाया गेलं म्हटलं की आपल्याला ताटात टाकलेला भात आठवतो. हे सदतीस पाकिटांचं नुकसान आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. पुढच्या बैठकीत वहीत लिहिलं, तेव्हा सगळ्या गप्प झाल्या.

मग चौकशीला लागलो. उत्तर आपल्या केळीच्या बागेतच होतं.

रावेर, यावलकडच्या बहिणींनी जुने दिवस पाहिलेत. पूर्ण घडच्या घड ट्रकमध्ये एकावर एक रचायचे, मध्ये केळीचीच वाळलेली पानं घालायची. रस्त्यात खालचे घड दबायचे, साल घासायची. आता परदेशी जाणारा माल कसा बांधतात बघा. घड झाडावर असतानाच त्याला पिशवी घालतात, म्हणजे डाग पडत नाहीत. उतरवल्यावर फण्या वेगळ्या करतात, तुरटीच्या पाण्यात धुतात, म्हणजे चिकाचे काळे डाग राहत नाहीत. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात साधारण तेरा किलो, फण्यांच्या मध्ये फोमचा पातळ कागद, आत प्लास्टिकचं अस्तर, आणि खोक्याला भोकं.

भोकं कशाला? केळ तोडल्यावरही श्वास घेत असतं आणि इथिलीन नावाचा वायू सोडत असतं. आपण कच्ची केळी पोत्याखाली दडपून पिकवतो, ती त्याच्याच जोरावर. खरचटलेलं केळ हा वायू जास्त सोडतं, मग त्याच्या शेजारची चांगली केळीही घाईने पिकतात. एका फणीला लागलेला मार सगळ्या खोक्याला भोवतो. म्हणून फोमचा कागद, आणि म्हणून गार हवा खेळायला भोकं. हा माल १३-१४ अंशांवर ठेवतात. त्याहून गार केला तर साल काळी पडते, जशी आपल्या घरच्या फ्रिजमध्ये पडते. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२१ च्या जूनमध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी दुबईला गेली. केळी चांगली होतीच, पण असं नीट बांधल्याशिवाय ती तिथवर धड पोचली नसती.

आता आमचे वेफर्स. ते श्वास घेत नाहीत, त्यामुळे त्यांना भोकं नकोत, उलट हवा बंद हवी. त्यांचे वैरी तीन. दमट हवेने ते सादळतात. हवेतल्या प्राणवायूने त्यांच्यातलं तेल खवट होतं. उजेड त्या खवटपणाला घाई करतो. आमच्या पातळ पिशवीतून उजेड सरळ आत जात होता, हवा हळूहळू झिरपत होती आणि मेणबत्तीच्या शिवणीला बारीक फटी होत्या. शिवाय आम्ही घाईत वेफर्स कोमट असतानाच भरले होते, म्हणजे वाफ आम्हीच आत कोंडली होती.

आजीच्या लोणच्याची बरणी आठवा. वर तेलाचा थर, तोंडाला फडकं. तो थर हवेलाच अडवत होता. आजीने इथिलीनचं नाव ऐकलं नव्हतं, पण बांधणी तिला कळत होती.

आता आम्ही वेफर्स पूर्ण गार करतो. आतून चंदेरी असलेली जाड पाकिटं घेतली, हाताने दाबायचं सीलिंग मशीन घेतलं. प्रत्येक खेपेतलं एक पाकीट बादलीत बुडवून दाबतो. बुडबुडे आले की शिवण कच्ची. मोठे कारखाने पाकिटात नायट्रोजन भरतात, ते आपल्याला लगेच परवडणारं नाही. त्याऐवजी आम्ही पाकीटच लहान केलं, म्हणजे उघडल्यावर घरात पडून राहत नाही. वजन, काय काय घातलंय आणि तयार केल्याची तारीख वर छापतो, आणि जुना माल आधी विकतो.

सगळ्याला एकच पिशवी मात्र चालत नाही. भरताची वांगी पोत्यात कोंबली तर एकीचं देठ दुसरीला टोचतं आणि तिथूनच सड सुरू होते. त्यांना कागद घातलेलं क्रेट बरं. दोंडाईचा, नंदुरबारकडच्या बहिणींना मिरचीचं सांगायला नको, तिखट उजेडात ठेवलं की रंग उडतो. उडदाचे पापड ओलसर बांधले तर बुरशी. आणि एक कळकळीने सांगते, शिजवलेलं भरीत हवाबंद पाकिटात घालून फ्रिजबाहेर टिकवायच्या नादी लागू नका. वास न येताही आत विषारी जंतू वाढू शकतात.

एक गोष्ट मला अजून टोचते. त्या चंदेरी पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे ते भंगारवालाही घेत नाही. अन्न वाचवलं आणि उकिरडा वाढवला, असं होतं. गटात यावर भांडण झालं, खोटं कशाला बोलू. शेवटी ठरलं की गावातल्या आणि बाजाराच्या गिऱ्हाईकाला स्टीलच्या डब्यातून मोजून द्यायचं, डबा त्यांनी आणायचा, दोन रुपये कमी घ्यायचे. चंदेरी पाकीट फक्त लांबच्या दुकानासाठी. हे अजून सगळ्यांना पटलेलं नाही.

तुम्हीही एक करून बघा. एकाच खेपेतले वेफर्स किंवा शेव तीन ठिकाणी ठेवा: पातळ पिशवीत, घट्ट झाकणाच्या डब्यात आणि चंदेरी पाकिटात. प्रत्येकाचे तीन-तीन नग करा, तारीख लिहा. आठव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी एकेक उघडा, सगळ्या जणी चाखा आणि काय आढळलं ते गटाच्या वहीत लिहा. पिशव्यांची पुढची खरेदी ती वही समोर ठेवून करा.