आवळा, जांभूळ आणि बाटलींतील रस

मिरचीच्या व्यापारासाठीं धर्माबादचें नांव दूरवर ठाऊक आहे. फळांवरील भाषणाचा आरंभ मी मिरचीनें करावा याचें आपणांस नवल वाटेल. परंतु या दोहोंचा संबंध जवळचा आहे. ज्या द्रव्याला आपण क जीवनसत्त्व म्हणतों, तें हंगेरी देशांतील सेगेद या गांवीं आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञानें विपुल प्रमाणांत मिळविलें, तें तिकडच्या मिरचीपासूनच. या संशोधनाचा समावेश असलेल्या कार्याबद्दल त्यांना १९३७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मौल्यवान् वस्तु पुष्कळदां रोजच्या बाजारांतच पडलेली असते, एवढा बोध या गोष्टींतून घेतला तरी पुरे.

हा बोध आज आठवण्याचें कारण असें कीं, ब्लूबेरी, असाई, गोजी, नोनी अशा फळांचे रस सुंदर बाटल्यांतून आपल्या तालुक्याच्या गांवींही येऊन पोंचले आहेत. त्यांना 'सुपरफ्रूट' म्हणतात. हा शब्द शास्त्राचा नव्हे, व्यापाराचा आहे. अमुक गुण असले म्हणजे फळ 'सुपर' ठरतें, अशी कोणतीही शास्त्रीय व्याख्या नाहीं. या रसांची स्तुति बहुधा एकाच शब्दावर उभी असते, तो म्हणजे अँटिऑक्सिडंट.

हा शब्द आधीं समजून घेऊं. चिरलेलें वांगें हवा लागतांच काळवंडतें, लोखंडाला गंज चढतो. प्राणवायूशीं होणाऱ्या अशा संयोगास ऑक्सिडीकरण म्हणतात. आपल्या शरीरांतही अन्नापासून शक्ति निर्माण होतांना कांहीं अस्थिर कण उत्पन्न होतात आणि ते पेशींना इजा करूं शकतात. त्यांना आवर घालणारीं द्रव्यें तीं अँटिऑक्सिडंट. क जीवनसत्त्व त्यांपैकींच एक. जांभळाला काळाजांभळा रंग देणारीं अँथोसायनिनें हीं दुसरीं. परदेशच्या ब्लूबेरीची कीर्ति ज्या रंगद्रव्यांमुळें झाली, त्याच जातीचीं द्रव्यें आपल्या ओढ्याकांठच्या जांभळांत आहेत. आपले तेलुगु शेजारी ज्याला नेरेडु म्हणतात, तेंच हें फळ.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. कांचेच्या नळींत जें घडतें तेंच शरीरांत घडेल, असें आपण गृहीत धरतों. फिनलंडमध्यें एकोणतीस हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटाच्या गोळ्यांनीं फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हां गोळ्या घेणाऱ्यांत तो रोग अधिकच आढळला. कोणत्या फळांत किती अँटिऑक्सिडंट-शक्ति आहे याचें कोष्टक अमेरिकेच्या कृषिखात्यानें तयार केलें होतें. त्या आंकड्यांचा जाहिरातींत गैरवापर होऊं लागला, आणि शरीरावरील परिणामांशीं त्यांचा संबंधही सिद्ध होईना, म्हणून २०१२ सालीं त्या खात्यानें तें कोष्टक मागें घेतलें.

मग फळांत कांहींच नाहीं काय? आहे, आणि पुष्कळ आहे. भारतीय आहारतज्ज्ञांनीं २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषास रोज ८० मिलिग्रॅम व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकाप्रमाणें शंभर ग्रॅम आवळ्यांत तें सुमारें २५० मिलिग्रॅम असतें. पेरूंत, म्हणजे आपल्याकडच्या जांबांत, तें दोनशेंहून अधिक असतें. म्हणजे एक चांगला मोठा आवळा किंवा एक मध्यम जांब खाल्ला कीं दिवसाची गरज जवळजवळ भागली.

याचा खरा लाभ कोणास होईल, तें सांगतों. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्वारी, डाळी व पालेभाज्या यांतील लोह शरीर सहजासहजीं शोषून घेत नाहीं. परंतु त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व असेल तर तें अधिक शोषलें जातें. भाकरी व भाजीसोबत आवळ्याची ताजी चटणी किंवा लिंबाची फोड घेण्याची रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. जेवणावर लगेच चहा घेणें मात्र टाळावें; चहा हेंच लोह अडवून धरतो. डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या अर्थातच चालू ठेवाव्यात.

आतां जांभळाविषयीं एक गंभीर सूचना. मधुमेहावर जांभळाच्या बियांचें चूर्ण देण्याची चाल जुनी आहे, आणि प्राण्यांवरील कांहीं प्रयोगांत साखर उतरलेलीही दिसली. पण माणसांवर झालेले प्रयोग थोडे आहेत. त्यांच्या आधारावर औषध सोडून देणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय. विशेषतः ज्यांचें जीवन इन्शुलिनवर अवलंबून आहे, त्यांनीं कोणत्याही रसाच्या भरंवशावर एक दिवसही तें बंद करूं नये. औषधाबरोबर चूर्ण घेणें असेल तरी डॉक्टरांस विचारून घ्यावें, कारण साखर अतिशय खालीं जाण्याचाही संभव असतो.

राहिला बाटलीचा प्रश्न. फळ चावून खाल्लें कीं चोथा पोटांत जातो, साखर सावकाश रक्तांत उतरते आणि एका फळानें तृप्ति होते. रसांत चार फळांची साखर एका पेल्यांत येते आणि चोथा मागें राहतो. म्हणूनच २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें ज्या साखरेवर मर्यादा घालण्यास सांगितलें, तींत फळांच्या रसांतील साखरही धरली आहे. मोरावळा रुचकर खरा, पण त्यांतही पाक आहे, हें विसरूं नये.

श्रोतेहो, भारतीय आहारमार्गदर्शनांत दररोज सुमारें शंभर ग्रॅम फळें खावीं असें सांगितलें आहे. तेवढ्यासाठीं दूरदेशींचें फळ नको. मृगाच्या सुमारास जांभूळ, हिवाळ्यांत आवळा व जांब, संक्रांतीला बोर, असा क्रम निसर्गानेंच आपणांस लावून दिला आहे. बाटलीसाठीं जो पैसा जाईल, त्यांत घरांतील सर्वांना, आणि विशेषतः जी गृहिणी नेहमीं शेवटीं जेवते तिला, हंगामभर फळ मिळूं शकेल. परसांत जागा असेल तर आवळ्याचें एक रोप अवश्य लावावें.