शेवटची कधी घेतली, ते सांगा

‘पाय मोडलाय, मग डॉक्टर दारूचं कशाला विचारतात? खरं सांगितलं तर पोलिसांत कळवतील का?’ श्रोत्यांच्या पत्रांत हा प्रश्न सारखा येतो. म्हणून आज त्याबद्दलच बोलतो.

रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय जडलेली असते. माणूस दवाखान्यात भरती झाला की ती एकदम तुटते. सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. आधी कळलं, तर गोळ्या आणि बी-१ची इंजेक्शनं वेळेवर सुरू करून बहुतेकांना सांभाळता येतं.

मी शिकाऊ डॉक्टर असताना मांडीचं हाड मोडलेला एक गवंडी वॉर्डात होता. केसपेपरवर लिहिलेलं, ‘व्यसन : नाही’. तिसऱ्या रात्री तो चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचत होता, पायाला लावलेलं वजन ओढून उठू बघत होता. बायकोनं मला दाराशी बोलावून सांगितलं, ‘रोज दोन क्वार्टर लागतात. पण तवा सासरे बाजूला उभे होते, गावातली माणसं होती. कशी सांगू?’ तो वाचला. ते दोन दिवस मात्र मी विसरलेलो नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, लपवू नका. काय घेता, रोज किती घेता आणि शेवटची कधी घेतली, या तीन गोष्टी भरती होतानाच सांगा. नातेवाइकांनो, ‘छे छे, तो शिवतसुद्धा नाही,’ म्हणून घराण्याची अब्रू राखू नका. तुमचा माणूस खाटेवर आहे, अब्रू नाही! आणि चोरून बाटली आणून पाजणं हाही उपाय नव्हे.

माझ्या डॉक्टर मित्रांनाही सांगायचंय. रांगेसमोर ‘काय रे, पितोस का?’ असं ओरडून विचारल्यावर खरं कोण बोलेल? पडदा ओढा, बरोबरच्यांना बाहेर थांबवा, मग विचारा. गर्दी मीही पाहिली आहे. पण पडदा ओढायला कितीसा वेळ लागतो?

रुग्णाचं गुपित जपण्याचं बंधन डॉक्टरांवर 2002 च्या आचारसंहितेनं घातलं आहे. व्यसनाच्या उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिला आहे. न्यायालयानं मागितली किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असला, तर अपवाद आहेत. पण केवळ पितो म्हणून डॉक्टर कुणाला पोलिसांत देत नाहीत.

गांजा, झोपेच्या गोळ्या, नशेसाठी घेतलेलं खोकल्याचं औषध हेही ऑपरेशनआधी सांगा, भूल देताना ही माहिती लागते. बायांनो, मिश्री ही तंबाखूच आहे, गरोदरपणी नक्की सांगा. रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारूनच सोडावी. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे 14446.

आणि सगळ्यांसमोर तोंड उघडत नसेल, तर वहिनी, एका चिठ्ठीवर लिहा, ‘रोज पितात, काल रात्री नऊला घेतली.’ ती चिठ्ठी सिस्टरच्या हातात द्या. तेवढं पुरतं.