आडनावात काय आहे?



अल्फारेटात नवीन मराठी कुटुंब भेटलं की आपला दुसरा प्रश्न ठरलेला, "आडनाव काय?" उत्तर मिळालं की गाव, जात, सगळं मनातल्या मनात मांडून आपण मोकळे! आम्ही कार्यकारिणीची मंडळीही त्याला अपवाद नाही. म्हणून आज इथल्याच एका आडनावाविषयी बोलतो.

कार्टर म्हणजे गाडीवान. धंद्यावरून पडलेलं साधं आडनाव. पण व्हर्जिनियाचे रॉबर्ट कार्टर शेकडो गुलामांचे मालक होते. त्यांच्याच नातवाने, तिसऱ्या रॉबर्ट कार्टरने, १७९१ साली सुमारे ५०० गुलामांच्या मुक्ततेचा दस्त नोंदवला. १९२२ साली तुतनखामेनची कबर शोधणारे हॉवर्ड कार्टर इंग्रज, तर जाझ वाजवणारे बेनी कार्टर कृष्णवर्णीय अमेरिकन. आता आडनावावरून काय ओळखणार?

आपल्या जॉर्जियातल्या प्लेन्स गावच्या लिलियन कार्टर यांना हे आडनाव सासरकडून मिळालं. जन्मतारीख १५ ऑगस्ट, पेशा नर्सचा. १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, पीस कोअरतर्फे त्या भारतात आल्या आणि मुंबईत विक्रोळीला राहिल्या. तिथल्या दवाखान्यात त्यांनी कामगारांची, कुष्ठरोग्यांचीही शुश्रूषा केली.

त्यांचे चिरंजीव जिमी १९७७ साली अमेरिकेचे अध्यक्ष झाले. पद गेल्यावर १९८२ साली त्यांनी व पत्नी रोझलिन यांनी अटलांटात कार्टर सेंटर काढलं. या संस्थेने नारूविरुद्ध कंबर कसली. हो, तोच नारू! आपल्या आजीला विचारा, पायातून निघणारा तो दोरा ती विसरलेली नसेल. उपाय काय, तर पाणी फडक्याने गाळून पिणं आणि रोग्याला पाणवठ्यात उतरू न देणं. १९८६ साली जगात अंदाजे ३५ लाख रोगी होते. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. २०२४ मध्ये जगभरात उरले फक्त १५. त्याच वर्षाच्या २९ डिसेंबरला, शंभरी गाठून, जिमी कार्टर गेले.

आजचा निधी गावाकडच्या पिण्याच्या पाण्यासाठी आहे. पुस्तिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी आहे. ती वाचताना, मंडळी, कोण कुठला याचे अंदाज नकोत. विक्रोळीच्या रोग्यांनी बाईंचं आडनाव विचारून औषध घेतलं नव्हतं. आणि तहानलेलं गावही आपलं आडनाव विचारणार नाही.