घाईच्या सकाळची न्याहारी

नालासोपारा स्टेशनाच्या पश्चिमेस गास नांवाचें गांव आहे. बावखलें, विहिरी आणि केळीच्या वाड्या यांनीं नटलेल्या वसईच्या ह्या पट्ट्यांत आज पुष्कळ घरांना सकाळची चर्चगेट गाडी गांठावयाची असते. सर्वांचे डबे भरणारी गृहिणी स्वतः मात्र चहाच्या एका पेल्यावर घराबाहेर पडते, आणि दुपारच्या आधींच वडापावाची वाट धरते. आजचें माझें बोलणें मुख्यतः तिच्यासाठीं आहे.

ओट हें कांहीं आपल्या मातींतलें धान्य नव्हे. आपल्या देशांत तें बहुतांशीं गुरांच्या वैरणीसाठींच पेरितात. कॅल्शियमच्या दृष्टीनें पाहिलें तर आपली नाचणी कितीतरी सरस. ज्या घरीं आंबील ढवळीत बसण्यास सवड आहे, तेथें तीच चालूं द्यावी. परंतु वाफवून चपटे केलेले ओट पांच मिनिटांत शिजतात, हा त्यांचा गुण नाकारतां येत नाहीं. शिजतांना त्यांना जो चिकटपणा येतो तो बीटा-ग्लूकन नांवाच्या तंतूचा. हा तंतु रोज ३ ग्रॅम पोटांत गेल्यास कोलेस्टेरॉल कमी होण्यास साह्य होतें, असें ओटांच्या वेष्टनावर छापण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें १९९७ सालीं अनुज्ञा दिली. चाळीस ग्रॅम ओटांत त्याचा सुमारें निम्मा भाग मिळतो.

एका माणसास अर्धी वाटी ओट पुरे. वाटीभर पाण्यास उकळी आणून त्यांत चिमूटभर मीठ व ओट घालावे, ढवळावें, आणि दाटूं लागतांच अर्धी वाटी दूध ओतावें. साखर मुळींच नको! खालीं उतरवून एक पिकलें वेलची केळें चकत्या करून मिसळावें. वसईची सुकेळीं मिळालीं तर फारच उत्तम. राजेळी केळीं सोलून, उन्हांत वाळवून तीं करितात. वरून साखर लागत नाहीं. एका सुकेळ्याचे बारीक तुकडे ओटांबरोबरच शिजूं द्यावे. मात्र त्यांतील साखर आटून घट्ट झालेली असते, म्हणून मधुमेह्यांनीं पेरू घ्यावा.

दूध व केळें यांचा संयोग वैद्यमंडळी विरुद्धाहार मानतात. शिकरणावर वाढलेल्या महाराष्ट्रानें तो निषेध फारसा मनावर घेतलेला दिसत नाहीं; तरीही कोणाच्या मनांत किंतु असेल तर दुधाऐवजीं नारळाचा रस घालावा. चव अधिकच खुलते.

ज्यांना ही पांच मिनिटेंही नसतात त्यांनीं स्वित्झर्लंडची युक्ति करावी. तेथील डॉक्टर बिर्शर-बेन्नर हे १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांस रात्रीं भिजविलेले चमचाभर ओट आणि सालीसकट किसलेलें सफरचंद देत. फळ पुष्कळ आणि धान्य थोडें, हें त्यांचें प्रमाण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. आपण नेमकें उलट करितों. आपल्या दमट हवेंत मात्र दुधांत भिजविलेले ओट रात्रभर फ्रिजमध्येंच ठेवावे, नाहींतर ते आंबतात. आणि पपई किंवा अननस त्यांत आदल्या रात्रीं घालूं नये. त्यांच्यांतील पाचक द्रव्यांमुळें दूध कडवट होतें. तीं फळें सकाळीं, खावयास बसतांनाच चिरावीं.