फवारणीचे विष कातडीतून शिरते



विष तोंडावाटेच पोटात जाते, ही समजूत खोटी आहे. पिकावर मारावयाची कित्येक औषधे ऑर्गॅनोफॉस्फरस जातीची विषे असून ती भिजल्या सदऱ्यातून, कातडीतून व श्वासावाटे अंगात शिरतात. मज्जातंतूंनी स्नायूंस हुकूम द्यावा व काम होताच तो थांबावा, अशी शरीराची व्यवस्था आहे. हुकूम थांबविणारे द्रव्यच हे विष निकामी करते. मग लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू उडू लागतात आणि अखेर श्वास बंद पडतो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसावर शेतकरी-मजूर दगावले. त्यास नशीब म्हणणे आम्हांस मान्य नाही.

डब्यावरील तांबडा त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, हे आम्ही शाळेत मुलांस शिकवितो. घरी त्यांना विचारा. फवारताना भोवळ आली तर भिजले कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा. ह्या जातीच्या विषावर ॲट्रोपीनची सुई हा उतारा आहे, अंगारा नव्हे.

आणि धनीहो, मजुराच्या पाठीवर गळका पंप देऊ नका. हातमोजे व मुखपट्टी द्या. त्यांचे पैसे त्याच्या मजुरीतून कापू नका.