गणित मांडणाऱ्याने विमानात बसावे काय?
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात झालेले भाषण)



सियागंजात पेढीवर बसणाऱ्या मंडळींपुढे विमानांच्या गोष्टी सांगाव्यात हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु विमान आपल्या इंदूरला परके नाही. १९३५ साली होळकर सरकारने विमानतळ करण्याचे ठरविले, तेव्हा जागा निवडण्याकरिता टाटा कंपनीचे नेव्हिल व्हिन्सेंट यांचा सल्ला घेतला, आणि बिजासनच्या बाजूची जमीन पसंत झाली. जुलै १९४८ मध्ये ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईकडे नियमित विमाने जाऊ लागली. नवरात्रात बिजासन मातेच्या दर्शनाला गेले की अर्धे लक्ष देवीकडे आणि अर्धे आकाशाकडे, असे आमचे बालपण गेले. त्या ओढीने आम्ही तिघे या गल्लीतून बेंगळुरूला गेलो, विमानविद्येच्या कामात नोकऱ्या केल्या, आणि म्हातारपणी परत आलो. भाषण तिघांचे आहे. वाचणारा तेवढा एक.

हा विषय आम्हांस का दिला गेला, ते आपणांपैकी बहुतेकांना माहीत आहे. न्यासाच्या शिष्यवृत्तीसाठी यंदा आपल्याच एका किराणा व्यापाऱ्याच्या मुलीचा अर्ज आला आहे. तिला विमानविद्या शिकून उड्डाण-परीक्षणाच्या शाखेत जावयाचे आहे; म्हणजे नवे विमान हवेत असताना त्यात बसून मोजमापे घ्यावयाची आहेत. मंडळाच्या बैठकीत सूचना आली की शिष्यवृत्ती खुशाल द्यावी, परंतु ‘टेबलावरचेच काम करीन’ अशी अट लिहून घ्यावी. सूचना करणाऱ्यांच्या मनात माया आहे, दुष्टावा नाही, हे आम्ही जाणतो. तरी अटीचा विचार करण्यापूर्वी हे काम काय असते ते ऐकून घ्यावे.

आपल्या बाजारात धण्याचे पोते आले की आपण परखी खुपसून मूठभर माल काढतो, वास घेतो, दाताखाली दाणा धरतो. परंतु तेवढ्यावर सगळ्या पोत्याची हमी कोणी देतो काय? पोते उपडे केल्यावरच तळाचा ओलावा दिसतो. विमानाचेही तसेच आहे. लहान प्रतिकृती करून ती वातबोगद्यात, म्हणजे जोराचा वारा सोडलेल्या नळीत, ठेवून तपासतात. ती परखी झाली. खरे पोते आकाशात उपडे होते.

इंग्लंडात फार्नबरो येथे विमान-संशोधनाची मोठी सरकारी संस्था होती. पहिल्या महायुद्धातच तेथे रिवाज पडला की आकडे मांडणाऱ्याने विमानात बसावे. विमान गिरक्या घेत खाली येऊ लागले तर ते सावरावे कसे, याचा अभ्यास करण्यासाठी लिंडेमन नावाचा पदार्थशास्त्रज्ञ स्वतः विमान चालवावयास शिकला आणि १९१७ साली मुद्दाम गिरक्या घेत आकडे लिहून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर फार्नबरोची जागा अपुरी पडू लागली, म्हणून बेडफर्डजवळ थर्ली येथे लांबलचक धावपट्टी आणि नवे वातबोगदे उभारण्यात आले. दोन ठिकाणांमध्ये सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर. तेथील शास्त्रज्ञ मंडळी कागदपत्रांची पिशवी घेऊन संस्थेच्याच लहान विमानांतून ये-जा करीत, जशी आपली मंडळी सकाळच्या मोटारीने उज्जैनला जातात.

धुक्यात विमान आपोआप उतरविण्याचा अभ्यास करणारे एक पथक १९४५ साली स्थापन झाले होते. तेही १९५७ मध्ये बेडफर्डला आले. त्यांनी धावपट्टीकडे येणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना विजेच्या तारा अंथरल्या. त्यांच्या चुंबकीय क्षेत्रावरून विमानाला आपण मधोमध आहोत की नाही ते कळे, आणि जमिनीपासूनची उंची रेडिओलहरी सांगत. धुके पडले की इतर विमानतळ बंद होत आणि ही मंडळी विमानात चढत! १० जून १९६५ रोजी लंडनला उतारूंनी भरलेल्या विमानाची चाके प्रथमच यंत्राने आपोआप टेकविली. हिवाळ्यात दिल्लीच्या धुक्यात आपले विमान सुखरूप उतरते, त्यामागे त्या उड्डाणांची पुण्याई आहे. केवळ टेबलावर बसून हे झाले नसते.

आता आपल्याकडचे सांगतो. बेंगळुरूचा विमान-कारखाना डिसेंबर १९४० मध्ये काढला तो म्हैसूर सरकारच्या साह्याने वालचंद हिराचंद यांनी. गृहस्थ सोलापूरचे, आपल्यासारखेच व्यापारी घराण्यातले. तेथे आले डॉ. विष्णु माधव घाटगे, कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू गावचे. जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल या थोर आचार्यांपाशी त्यांनी विद्या घेतली होती. १९४२ च्या अखेरीस बेंगळुरूच्या विज्ञानसंस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तो त्यांच्याच हाताखाली. त्यांनी आखलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. मुंबईच्या चौपाटीवर १८९५ साली एका मराठी माणसाने विमान उडविल्याची कथा आपल्यात मोठ्या अभिमानाने सांगतात. तिला पुरावा सापडत नाही. ज्याचा पुरावा आहे, ज्याच्या विमानावर वायुदलाची मुले उडावयास शिकली, त्या घाटग्यांचे नाव मात्र किती घरांत माहीत आहे?

पुढे मारुत हे लढाऊ विमान झाले. त्याचे मुख्य रचनाकार जर्मन, कुर्ट टँक. इंजिन बसविण्यापूर्वी त्याच मापाचे, दोन आसनांचे, लाकडी बिनइंजिनाचे विमान केले. डाकोटा विमानाने ते ओढून वर न्यावयाचे आणि सोडून द्यावयाचे. एप्रिल १९५९ पासून अशी ७८ उड्डाणे झाली, आणि मगच १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी खरे मारुत उडविले. लाकडावर अठ्ठ्याहत्तर वेळा पारख! एवढी सावधगिरी आपण उधारी देताना तरी दाखवितो का?

आम्ही नोकरीस लागलो ते यानंतर. आमच्यापैकी एकाला दुसऱ्याच वर्षी जुन्या मालवाहू विमानातून पाठविले. बसावयास फळी, कमरेला पट्टा, मांडीला बांधलेली पाटी, आणि पेन्सिल दोरीने मनगटाला अडकविलेली. कारण सुटलेली पेन्सिल दांड्यांच्या फटीत गेली तर वैमानिकाचे सुकाणू अडेल. पुढे तबकड्यांची एक पेटी आणि तिच्यावर रोखलेला कॅमेरा असे. त्या कॅमेऱ्याच्या फिल्मवर एक सुई सारखी थरथरताना दिसत होती. हलते ते विमानाचे शेपूट की नुसती पेटी, यावर खाली दोन आठवडे वाद चालला होता. वर गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत उत्तर मिळाले: पायांखालची फळी शांत होती, पेटीच आपल्या चौकटीत हलत होती. त्या दिवशी सकाळची इडली पोटात राहिली नाही, पण दोन आठवड्यांचा वाद मिटला.

एवढे सांगून थांबलो तर ती लबाडी होईल. धोका खरा आहे. ग्रुप कॅप्टन सुरंजन दास १० जानेवारी १९७० रोजी मारुतचेच परीक्षण करताना गेले. बेंगळुरूच्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. ११ जानेवारी १९९९ रोजी अरक्कोणमजवळ पाठीवर रडारची मोठी तबकडी बसविलेले विमान पडले. आठजण गेले. त्यांत चार वायुदलाचे अधिकारी होते, आणि चार शास्त्रज्ञ. होय, गणित मांडणारेच. त्या रात्री आमच्यापैकी एकाच्या घरी इंदूरहून फोन आला. आई एवढेच म्हणाली, “तू आहेस कुठे?” त्याने “घरीच आहे” म्हटल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि फोनही ठेवीना.

म्हणून मुलीच्या आईला भीती वाटते ती भ्याडपणाची आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु भीती बाळगणे हा आईचा अधिकार; न्यासाने ती अटीच्या कागदावर लिहून मुलीची सही घ्यावी, हे आम्हांस मान्य नाही. आपल्या न्यासाने आजवर ज्या मुलांना साह्य दिले, त्यांपैकी एकाकडूनही असा कागद घेतला नव्हता. मग मुलीकडूनच का? शिवाय अशा उड्डाणाचा निर्णय एकटी मुलगी घेत नसते. नवे विमान उचलण्याआधी महिनोन्महिने जमिनीवर तपासणी होते, आणि परीक्षणाला कोणी बसावयाचे ते शिक्षण व अनुभव पाहून ठरते. ही पायरी येण्यास तिला कित्येक वर्षे आहेत. त्या वर्षांत तिचे मन टेबलाकडे वळले तर वळो. ते तिचे ती पाहील.

अट काढून टाकावी असे आमचे लेखी मत कार्यवाहांकडे दिले आहे. आणखी एक सूचना आहे, ती मुलीच्या आईवडिलांना. निर्णयापूर्वी त्यांनी एकदा बेंगळुरूला जाऊन यावे. कारखान्याच्या संग्रहालयात घाटग्यांचे एचटी-२ आहे, मारुतही आहे. जवळ उभे राहून पाहता येते. आमच्यापैकी एकजण बरोबर येईल आणि जे विचाराल ते सांगेल, गोड असो वा कडू. जाण्यायेण्याचे भाडे आम्ही तिघे देऊ. न्यासाच्या खात्यावर ते टाकू नये.