न फोडलेले दगड

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही कला शाखेतून. विज्ञानाशी संबंध शाळेतल्या बेडकापुरता. तरी आज देवमाशाविषयी बोलणार आहे, आणि एका बाईंनी जपलेल्या दगडांविषयी.

देवमासा हा मासा नव्हे. तो हवेत श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. चौखूर धावणाऱ्या जनावराचा कणाही असाच वर-खाली वाकतो. म्हणजे याचे पूर्वज कधीकाळी जमिनीवर चालत होते. पण ते होते तरी कोण?

उत्तर आपल्याच उपखंडात दडलं होतं. ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून जीवाश्मांचे दगड गोळा केले होते. १९७१ साली त्यांनी त्यातल्या एका प्राण्याचं 'इंडोहायस' असं नामकरण केलं. बरेच दगड मात्र फोडायचे राहिले आणि राव गेले. त्यांच्या पत्नीनं ते टाकले नाहीत. पुढे ते हान्स थेविसन या अमेरिकेतल्या संशोधकाच्या हाती सोपवले.

तिथे काम चालू असताना एक कवटी तंत्रज्ञाच्या हातून चुकून तुटली. थेविसन पाहतात तो कानाच्या हाडाची आतली कड जाड! ही तर देवमाशाच्या कुळाची खूण. पायांची हाडंही भरीव, पाण्यात तळाशी चालणाऱ्या प्राण्यासारखी. २००७च्या डिसेंबरात हे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, खुरांचा हा जीव. देवमाशाचा थेट पूर्वज नव्हे, पण अगदी जवळचा भाऊबंद.

पिसोरी हरणाचा आफ्रिकेतला एक भाऊबंद आजही भ्याला की पाण्यात बुडी मारतो. इंडोहायसही तसंच करत असावा, असा संशोधकांचा कयास आहे. भिऊन पाण्यात शिरणाऱ्यांच्या गोतावळ्यातून पुढे समुद्राचा सर्वांत मोठा रहिवासी निपजावा, हे मला कवितेत सुचलं नसतं.

पण हे वाचून मी गप्प झालो तो वेगळ्याच कारणानं. माझे अब्बा यंत्रमागावर काम करायचे. त्यांच्या माघारी ट्रंकेत वह्या निघाल्या. मजुरीचे हिशेब, मध्येच पेन्सिलीनं लिहिलेल्या काही ओळी. उर्दूत होत्या, मला धड वाचता येईनात. अम्मी म्हणाली, "राहू दे रे, काय खायला मागतात?" मी ऐकलं नाही. घर लहान होतं. रद्दीवाल्यानं साडेचार किलो भरवली.

त्या ओळी हिशेबाच्या होत्या की शेराच्या, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. रावांच्या पत्नीला तरी दगडांत काय आहे हे कुठं ठाऊक होतं? त्यांनी फक्त ते राहू दिले.

हल्ली कुणाच्या घरी जुनी ट्रंक दिसली की मी विचारतो, "उघडून पाहिलीत का?" वेळ नाही म्हणाले, तर सांगतो, "मग नुसती राहू द्या."